इंग्लंडमधल्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा निकाल कसा वाचायचा, आपल्या प्रभागाच्या हिशोबानं

माझी भाची इंग्लंडला सफोकमधे स्टोमार्केट गावात राहते, नवरा-बायको दोघं नोकरीला. २०२३ च्या मे महिन्यात तिचा मेसेज आला, "मामा, आमच्या कौन्सिलमधे ग्रीनवाल्यांनी बाजी मारली म्हणतात, ऑफिसात सगळे तेच बोलतायत, पण निकालाचा कागद बघितला तर मला काहीच कळेना, तू ते नाशिकचे प्रभागाचे तक्ते करत बसतोस ना, जरा सांग." (ग्रीन म्हणजे तिकडचा पर्यावरणवादी पक्ष.) सोबत एका वॉर्डाच्या निकालाचा स्क्रीनशॉट. तेव्हापासून मी हे तिकडचे निकाल वाचायला लागलो आणि आता गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड कुठंही बघा, ज्याच्या त्याच्या घरातलं कोणी ना कोणी लंडन, लेस्टर, मँचेस्टरला आहे, त्यामुळे हे लिहून ठेवतोय, कोणाच्या तरी कामाला येईल. नाशिकचा प्रभागाचा निकाल ज्याला वाचता येतो त्याला हे जमतं, फक्त चार-पाच ठिकाणी आपली सवय आडवी येते, आणि तिथंच नीट बघायचं.

सगळ्यात आधी बघायचं की हा निकाल नेमका कुठल्या पातळीचा आहे. तिकडं बऱ्याच भागात दोन मजले आहेत, वर काउंटी कौन्सिल आणि खाली डिस्ट्रिक्ट कौन्सिल. आपल्याकडची जिल्हा परिषद आणि पंचायत समिती डोळ्यासमोर आणा, अगदी तसंच नाही पण समजायला पुरतं. शाळा, मोठे रस्ते, म्हाताऱ्या माणसांची देखभाल हे काउंटीकडं, आणि कचरा उचलणं, बांधकामाची परवानगी, घरांचे प्रश्न हे डिस्ट्रिक्टकडं. त्याच्याही खाली पॅरिश कौन्सिल असते, ती आपली ग्रामपंचायत समजा. स्टोमार्केट हे मिड सफोक डिस्ट्रिक्टमधे येतं आणि मिड सफोक सफोक काउंटीमधे. काउंटीच्या मतदारसंघाला डिव्हिजन म्हणतात, डिस्ट्रिक्टच्याला वॉर्ड, आणि गंमत म्हणजे पुष्कळदा दोघांची नावं सारखीच असतात पण हद्द वेगळी असते. त्यामुळे शोधताना नुसतं गावाचं नाव टाकलं तर भलताच निकाल समोर येतो, भाचीनं पाठवलेले पहिले दोन स्क्रीनशॉट तसेच काउंटीचे निघाले. मोठ्या शहरात मात्र, म्हणजे लेस्टरसारख्या ठिकाणी, सगळं एकाच कौन्सिलकडं असतं, त्याला युनिटरी म्हणतात, ते आपल्या मनपाच्या जवळचं.

मग दुसरं बघायचं, सगळ्या जागांची निवडणूक होती का थोड्यांची. आपल्याला सवय अशी की नाशिक मनपाची निवडणूक लागली म्हणजे १२२ च्या १२२ नगरसेवक नव्यानं निवडून यायचे. तिकडं दोन पद्धती आहेत. मिड सफोकसारख्या ठिकाणी चार वर्षांनी एकदम सगळ्या जागा, २०१९ ला झाली मग २०२३ ला. पण केंब्रिज शहरात ४२ जागा आहेत, १४ वॉर्ड, प्रत्येकी तीन, आणि एरवी दर वर्षी प्रत्येक वॉर्डातून एकच जागा मतदानाला येते, चौथ्या वर्षी काउंटीची निवडणूक असते. म्हणजे एखाद्या पक्षानं तिथं एका वर्षी १४ पैकी १० जिंकल्या तरी कौन्सिल त्यांच्या ताब्यात गेली असं नाही, जुन्या २८ जागांवर कोण बसलंय ते मिळवूनच बोलायचं. आणि अशा ठिकाणी तुलना मागच्या वर्षाशी करायची नाही, ज्या जागा यंदा मतदानाला आल्या त्या शेवटच्या ज्या वर्षी लढल्या गेल्या त्या वर्षाशी करायची. हे चुकलं की पुढचा सगळा हिशोबच चुकतो.

आता वॉर्डाचा कागद. प्रत्येक कौन्सिलच्या साईटवर मतमोजणीनंतर अधिकृत निकालाचा कागद टाकतात, त्यावर उमेदवाराचं नाव, पक्ष, मतं आणि कोण निवडून आलं एवढं असतं, खाली बाद मतपत्रिका आणि बहुतेक वेळा किती मतपत्रिका पेटीत पडल्या ते. उमेदवार आडनावाच्या अक्षराच्या क्रमानं लावलेले असतात, मतांच्या क्रमानं नाही, त्यामुळे वरचा माणूस जिंकला असं एका नजरेत धरायचं नाही.

इथं आपला आणि त्यांचा सगळ्यात मोठा फरक येतो आणि ह्याच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे कारण इथंच सगळे घसरतात. नाशिकला २०१७ ला ३१ प्रभाग होते, २९ चार सदस्यांचे आणि दोन तीन सदस्यांचे. चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येक जागेचे उमेदवार वेगळे, आरक्षण वेगळं, मशीनवर चार वेळा बटन दाबायचं, कोणी पसंत नसेल तर त्या जागेला नोटा. म्हणजे एका प्रभागात खरं तर चार वेगवेगळ्या लढती असतात. अ मधला उमेदवार ब मधल्याशी लढतच नाही. इंग्लंडमधे तीन सदस्यांचा वॉर्ड असला तर तीन जागांसाठी एकच यादी, एकच कागदी मतपत्रिका, त्यावर सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार, आणि मतदाराला तीनपर्यंत फुल्या मारता येतात. तीनच मारा असं बंधन नाही, एक मारली तरी चालतं, तीन वेगळ्या पक्षांना दिल्या तरी चालतं. चार मारल्या की पत्रिका बाद. मग वरचे तीन निवडून आले, संपलं. अ ब क ड नाही, महिला आरक्षण नाही, सोडत नाही. एकाच पक्षाचे तिघं एकमेकांच्या मतांशी पण लढत असतात.

ह्याचा परिणाम असा होतो की वॉर्डातली सगळी मतं बेरीज करून टक्के काढले तर ते खोटे येतात. समजा (हे आकडे मी समजवायला घेतलेत, कुठल्या खऱ्या वॉर्डाचे नाहीत) एका तीन जागांच्या वॉर्डात पहिल्या पक्षाचे तीन उमेदवार आहेत, त्यांना ९००, ८५० आणि ८०० मतं. दुसऱ्या पक्षानं एकच उमेदवार दिला, त्याला ७५०. तिसऱ्या पक्षाचे तीन, ५००, ४५०, ४००. सगळ्यांची बेरीज ४,६५०. सरळ बेरजेनं टक्के काढा, पहिला ५५, तिसरा २९, आणि दुसरा फक्त १६. बघणारा म्हणेल दुसऱ्याला तर कोणी विचारलंच नाही. पण त्याच्या एकुलत्या एक उमेदवाराला ७५० माणसांनी फुली मारली आहे आणि तिसऱ्याच्या सगळ्यात चांगल्या उमेदवाराला ५०० नी! मग खरं चित्र कसं काढायचं तर प्रत्येक पक्षाचा सगळ्यात जास्त मतं घेणारा एकच उमेदवार धरायचा, ९००, ७५०, ५००, बेरीज २,१५०, आणि त्यावर टक्के. आता पहिला ४२, दुसरा ३५, तिसरा २३. सोळाचे पस्तीस झाले आणि तिसऱ्या नंबरचा दुसऱ्या नंबरला आला, मतं तीच, फक्त मोजायची पद्धत बदलली. तिकडचे निवडणुकीचे अभ्यासक बहुतेक हीच पद्धत वापरतात. काही लोक पक्षाच्या उमेदवारांची सरासरी धरतात, ह्या उदाहरणात तेही जवळपास तेवढंच येतं, ४१, ३७, २२. कुठलीही वापरा पण दोन निवडणुकांची तुलना करताना दोन्हीकडं एकच वापरा.

आणि त्याच उदाहरणात अजून एक बघा, पहिल्या पक्षाला ४२ टक्के मतं आणि तिन्हीच्या तिन्ही जागा. त्यामुळे जागांचा आकडा बघून लोकांचा कौल किती टक्के होता ते सांगताच येत नाही, आपल्याकडंही नाही आणि तिकडंही नाही.

मतदानाची टक्केवारी काढताना पण हाच घोळ होतो. वरच्या वॉर्डात समजा मतदार ६,००० आणि पेटीत पडलेल्या मतपत्रिका २,०००. टक्केवारी ३३. पण कोणी ४,६५० ला ६,००० नी भागलं तर साडेसत्त्याहत्तर टक्के येतात आणि माणूस खुश होऊन सांगत सुटतो की इंग्लंडमधे काय जागरूक मतदार आहेत. नाही हो. तिकडं कौन्सिलच्या मतदानाला साधारण तीनात एक माणूस जातो, आपल्याकडं मनपाला ह्याच्या बरंच वर असतं. म्हणून कागदावर मतपत्रिकांचा आकडा शोधायचा, मतांचा नाही. मतदान आपल्यासारखं सुट्टीच्या दिवशी नसतं, मे महिन्याचा पहिला गुरुवार, सकाळी ७ ते रात्री १०, सगळे कामावर जाता येता मत देतात, आणि पोस्टानं मत द्यायला काही कारण सांगावं लागत नाही, कोणालाही मागता येतं, त्यामुळे केंद्रावरची रांग बघून अंदाज बांधायचा नाही.

बाद मतांचा रकाना पण वाचा, तो आपल्या नोटाच्या जागी बघता येतो. तिकडं नोटा नाही. बाद मतं कारणासकट मोजतात, जास्त फुल्या मारल्या, मतदार ओळखू येईल असं काही लिहिलं, अधिकृत खूण नाही, कोरी टाकली किंवा कोणाला मत ते कळत नाही. कोऱ्या पत्रिका एखाद्या वॉर्डात एकदम जास्त दिसल्या तर बघायचं की उमेदवारच किती होते, पुष्कळदा दोनच असतात आणि तिसरा पर्याय नसतो.

उमेदवारांची यादी वाचायला शिका, हे मला सगळ्यात आवडतं. कौन्सिलच्या निवडणुकीला तिकडं डिपॉझिट भरावं लागत नाही. त्यामुळे मोठे पक्ष जिथं जिंकायची आशाच नाही तिथंही नावाला उमेदवार उभा करतात, त्याला ते कागदी उमेदवार म्हणतात, तो प्रचार करत नाही, कधीकधी त्या वॉर्डात राहतही नाही. अशाला १५० मतं पडली तर ती पक्षाची कट्टर मतं समजा, त्या माणसाची नाही. उलट मागच्या वेळी एकच उमेदवार दिला होता आणि यंदा तीन जागांना तीन दिले, तर पक्षानं तिथं माणसं उभी केली, पत्रकं वाटली, दारोदार फिरले असा अर्थ, निकालाच्या आधीच तुम्हाला कल्पना येते. गावाकडच्या वॉर्डात बिनविरोध पण होतात. जिथं बिनविरोध झालं तिथं मतंच नाहीत, तो वॉर्ड टक्केवारीच्या हिशोबातून बाजूला ठेवायचा, शून्य धरायचं नाही!

पक्षांच्या नावात पण लक्ष द्या. लेबर आणि लेबर अँड को-ऑपरेटिव्ह हे वेगळे पक्ष दिसतात पण मोजताना एकच. अपक्ष मात्र सगळे एका गठ्ठ्यात टाकू नका, गावोगावचे अपक्ष एकमेकांचे कोणी नसतात, कोणी जुना बंडखोर, कोणी एखाद्या रस्त्यासाठी उभा राहिलेला, आणि कुठंकुठं रहिवाशांच्या संघटनाच निवडणूक लढवतात. आपल्याकडं पण २०१७ ला तीन अपक्ष आले होते, त्या तिघांना एक पक्ष कोणी म्हणेल का.

एकाच पक्षाच्या तीन उमेदवारांच्या मतातला फरक बघा. फरक थोडा असला, पन्नास-शंभरचा, तर लोकांनी पक्ष बघून मत दिलं, आपण म्हणतो पॅनल चाललं. एकाला बाकीच्या दोघांपेक्षा खूप जास्त असतील तर तो माणूस कामाचा आहे किंवा तिथला जुना आहे, लोकांनी त्याला आणि दुसऱ्या पक्षाच्या एखाद्याला असं मिसळून मत दिलं. फक्त एक लक्षात ठेवा, यादी आडनावाच्या अक्षरानं असल्यामुळे वरच्या नावाला थोडी मतं जास्त पडतात, हे तिकडं वर्षानुवर्ष दिसलेलं आहे, त्यामुळे पहिलं नाव आणि शेवटचं नाव ह्यातला थोडा फरक लोकप्रियता म्हणून मोजू नका. आपल्याकडं हे बघायचं तर अ ब क ड चारही जागांची त्या पक्षाची मतं शेजारी शेजारी लिहायची, चारपैकी तीन आले आणि एक पडला असं कुठं झालं ते बघायचं, तिथं क्रॉस व्होटिंग झालेलं असतं.

आता कल कसा काढायचा. दोन निवडणुका शेजारी ठेवायच्या आणि स्विंग काढायचा, हे सोपं आहे. एका पक्षाचे ५० टक्क्याचे ४२ झाले म्हणजे ८ गेले, दुसऱ्याचे २५ चे ३५ झाले म्हणजे १० आले, दोन्हींची बेरीज १८, निम्मे ९, पहिल्याकडून दुसऱ्याकडं ९ टक्के स्विंग. पण त्याच्या आधी, आणि हे विसरू नका, वॉर्डाची हद्द तीच आहे का ते बघा. मिड सफोकमधे आधी ४० जागा होत्या, २०१९ पासून ३४ झाल्या, वॉर्ड नव्यानं आखले गेले, म्हणजे २०१५ चा वॉर्ड आणि २०१९ चा वॉर्ड नाव एकच असलं तरी तोच वॉर्ड नाही. नाशिककराला हे सांगायला नको. २००७ ला एका वॉर्डाला एक नगरसेवक अशा १०८ जागा, २०१२ ला १२२ जागा आणि दोन-दोनचे ६१ प्रभाग, २०१७ ला त्याच १२२ जागा पण ३१ प्रभाग. मनसे २०१२ ला ४० होती, २०१७ ला ५ वर आली, भाजप १४ वरून ६६, हे शहराच्या पातळीवर म्हणता येतं, पण सिडकोतल्या किंवा पंचवटीतल्या एका प्रभागात किती टक्के फिरले ते सांगायला मतदान केंद्रापर्यंत खाली जावं लागतं आणि नवीन प्रभागात जुनी केंद्रं बसवावी लागतात. आपल्याकडं मशीनमुळे केंद्रनिहाय आकडे मिळतात तरी. इंग्लंडमधे हातानं मोजणी आणि मोजायच्या आधी पेट्या मिसळतात, वॉर्डाच्या खालचा आकडा सहसा मिळतच नाही, त्यामुळे हद्द बदलली की तिथं शांत बसायचं आणि संपूर्ण डिस्ट्रिक्टची तुलना करायची.

तशी ती मिड सफोकची करून बघू, भाचीच्या प्रश्नाचं उत्तर पण त्यातच आहे. २ मे २०१९ ला ३४ पैकी कंझर्व्हेटिव्ह १६, ग्रीन १२, लिबरल डेमोक्रॅट ५, अपक्ष १. बहुमताला १८ लागतात, कोणाकडंच नाही, आपण त्रिशंकू म्हणतो तसं. ४ मे २०२३ ला ग्रीन २४, कंझर्व्हेटिव्ह ६, लिबरल डेमोक्रॅट ४. इंग्लंडमधे ग्रीन पक्षाला स्वतःच्या जिवावर बहुमत मिळालेली ही पहिलीच कौन्सिल. वॉर्ड २०१९ चेच, जागा तेवढ्याच, त्यामुळे इथं वॉर्डाला वॉर्ड लावून बघता येतं. आणि बघा, हे काही कॉलेजच्या पोरांचं शहर नाही, शेतीचा भाग आहे, छोटी गावं, वर्षानुवर्ष कंझर्व्हेटिव्हला मत देणारी. एका रात्रीत झालेलं नाही हे, चार वर्षांपूर्वी १२ होते ते आकड्यातच दिसतं. नंतर २०२४ च्या संसदेच्या निवडणुकीत त्याच भागातल्या वेव्हनी व्हॅली मतदारसंघातून ग्रीनचेच एड्रियन रॅमसे खासदार झाले, म्हणजे कौन्सिलची लाट पुढं टिकली. पण ३४ पैकी २४ म्हणजे ७१ टक्के जागा झाल्या, ७१ टक्के लोक नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं.

मोठ्या बातम्यांत कौन्सिलच्या निकालावरून देशाचे टक्के सांगतात, बीबीसी दर वर्षी असा अंदाज काढते, जॉन कर्टिस नावाचे प्राध्यापक त्यात असतात. तो आकडा उपयोगी आहे, पण सगळीकडं दर वर्षी निवडणूक नसते म्हणून ते हिशोब करून देशभराचं चित्र काढतात. आपल्या डिस्ट्रिक्टचा निकाल समजायला तो लावायचा नाही. स्टोमार्केटच्या माणसानं कुठल्या शेतात किती घरं बांधायची परवानगी दिली ह्यावरून पण मत दिलेलं असू शकतं, जसं आपल्याकडं पाणी आणि खड्डे.

दोघांना समसमान मतं पडली तर तिकडं पण चिठ्ठीच टाकतात. आपल्याला मुंबईचा २०१७ चा २२० नंबर वॉर्ड आठवत असेल, तसंच.

निकालानंतरचं पण एक आहे. आपल्याकडं नगरसेवकानं पक्ष सोडला तर पद जाऊ शकतं, १९८६ चा कायदा आहे. तिकडं कौन्सिलर पक्ष बदलून त्याच खुर्चीवर बसू शकतो, त्यामुळे निवडणुकीच्या रात्रीचा तक्ता आणि दोन वर्षांनंतरचा तक्ता जुळत नाही, मधे पोटनिवडणुका पण होतात. तुलना करताना मागच्या निवडणुकीचा आकडा धरला का निवडणुकीच्या आदल्या दिवशीचा, ते वर लिहून ठेवा, बातम्यांतल्या दोन आकड्यांत फरक दिसला तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. जुने निकाल कौन्सिलच्या साईटवर असतात, आणि कोण कुठून उभं आहे ते बघायला डेमोक्रसी क्लब नावाची साईट चांगली आहे, पिनकोडसारखा त्यांचा पोस्टकोड टाकला की तुमच्या वॉर्डातले उमेदवार येतात.

आणि तुमची मुलं भारतीय पासपोर्टवर तिकडं रीतसर राहत असतील तर त्यांना मत देता येतं! भारत कॉमनवेल्थमधे आहे म्हणून. वय १८, तिथला पत्ता, नोंदणीत नॅशनल इन्शुरन्स नंबर विचारतात, आणि मतदानाच्या १२ कामकाजाचे दिवस आधीपर्यंत नाव नोंदवता येतं. २०२३ पासून केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं आणि त्यात आपला भारतीय पासपोर्ट चालतो. भाचीला हे माहीतच नव्हतं, चार वर्षं तिकडं राहून तिचं नाव यादीत नव्हतं. तिनं त्याच आठवड्यात दोघांची नावं टाकली, आणि पुढच्या वेळेस तिच्या वॉर्डाचा शीट ती स्वतः भरणार आहे, मी फक्त एवढंच सांगितलंय की मोजणी झाली की मतपत्रिकांचा आकडा आधी लिहून घे.